पुढे ढकललेलं गाणं

ताईच्या लाँड्रीत कपडे टाकायला गेलं की पावतीबरोबर तिच्या धाकट्या भावाचं कौतुक फुकट मिळायचं. "हे वाजतंय ना, आमच्या ढब्बूचं आहे," असं ती गिऱ्हाइकाच्या हातातला कोट ओढून घेता घेताच सांगायची. ढब्बू दिसायला काठीसारखा किडकिडीत. लहानपणी कुणीतरी चेष्टेनं ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. तो आणि त्याचा दोस्त दाढी, दोघं मिळून इलेक्ट्रॉनिक संगीत करत. टेबलभर यंत्रं, त्यांच्या वायरींचा गुंता आणि समोर बेभान नाचणारी पोरं. ताईचं वय काही नाचायचं नव्हतं, पण वाफेची इस्त्री फिरवताना तिचा खांदा बरोब्बर ठेक्यावर हलायचा. त्या दोघांची तिच्याइतकी कट्टर फॅन शोधून सापडली नसती.

फक्त नव्या अल्बममधलं शेवटून दुसरं गाणं सुरू झालं रे झालं की तिचा अंगठा फोनवर जायचा. पुढे! हातात कुणाचा ओला शर्ट असो, नाहीतर काजं-बटणं करणाऱ्या मावशींशी गप्पा रंगलेल्या असोत, त्या अंगठ्याचा नेम कधी चुकला नाही.

त्या गाण्याची सुरुवात बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीननं व्हायची. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्या खोलीतली घरघर ढब्बूनं फोनवर टिपून ठेवली होती आणि त्यावर एकट्यानं हे गाणं उभं केलं होतं. ती घरघर ऐकली की ताईला ती खोली आठवायची. बाबा नाकातली नळी सारखी काढून ठेवायचे, आणि एकदा ती त्यांच्यावर खेकसली होती, "मला दुसरी कामं आहेत की नाहीत?" मरणाच्या दारातल्या माणसाला असं बोलतात का? ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं होतं. गाणं पुढे ढकललं की त्या खोलीत परत जावं लागत नसे, एवढंच.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण गप्प बसवेल तर ती ताई कसली! फॅन मंडळींचा फोनवर एक ग्रुप होता. भावाची स्तुती वाचायला ताई त्यात 'वाफेची राणी' अशा खोट्या नावानं शिरली होती. एक दिवस कुणीतरी विचारलं, खरं सांगा, यांचं कुठलं गाणं तुम्ही पुढे ढकलता? लोक भराभर लिहू लागले. ताईलाही हुक्की आली. खरं कारण लिहायला मात्र हात धजेना, मग तिनं थट्टेवारी नेलं. 'शेवटून दुसरं. कुणाच्या तरी घरचा फ्रीज कण्हतोय, आणि आपण माना डोलवायच्या!'

झालं! ग्रुपनं ते वाक्य डोक्यावर घेतलं. जो तो आपापल्या फ्रीजचे फोटो टाकायला लागला. एकानं तर फ्रीजला थर्मामीटर लावला. ताई आधी पोट धरून हसली, मग चपापली, आणि मग तिनं फोन ड्रॉवरमध्ये ढकलून दिला.

चारच दिवसांत ढब्बू दुकानात आला. दुसऱ्या दिवशी मोठा कार्यक्रम होता, त्यासाठीचं जॅकेट त्यानं काउंटरवर टाकलं.

"तोंड का पाडलंयस रे?" ताईनं विचारलं.

"दाढीनं माझं गाणं कार्यक्रमातून काढलं. म्हणतो, पहिली घरघर ऐकली की लोक फ्रीज फ्रीज म्हणून ओरडतील आणि सगळा विचका होईल." तो काउंटरवरचा एक धागा बोटाला गुंडाळत राहिला. "आता पुढचं काही करावंसंच वाटत नाही, ताई. जाऊ दे सगळं."

"अरे, लोकांना काय अक्कल असते? कुणा रिकामटेकड्यानं लिहिलं असेल काहीतरी!" ताई तावातावानं म्हणाली, आणि आपलीच जीभ तिला कडू लागली.

"हं. तू ऐकतेस ना ते?"

"म्हणजे काय! रोज!"

"शेवटपर्यंत?"

"तर! शेवटपर्यंत."

मावशींची सुई मध्येच थांबली. ताईनं तिकडे बघायचं टाळलं.

"मग रागावली नाहीस ना माझ्यावर?"

"मी? आणि ती कशाला?"

ढब्बू तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. "बरं," तो म्हणाला. "संध्याकाळी नेतो जॅकेट."

तो गेल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, ते गाणं तर या दुकानात एकदाही वाजलेलं नाही."

"ठाऊक आहे मला!" ताई त्यांच्यावर वसकन ओरडली, आणि ओरडल्याची तिलाच लाज वाटली. मावशींचा काय दोष? तिनं जॅकेट टेबलावर पसरलं, मोठा श्वास घेतला आणि गाणं लावलं.

घरघर सुरू झाली. ताईचा अंगठा शिवशिवला. तिनं दोन्ही हातांनी इस्त्री घट्ट धरली. घरघरीखाली हळूहळू ठेका आला, त्यावर कसलेसे मऊ सूर आले. वाईट नव्हतं. कसलं वाईट, फार सुंदर होतं! आणि अगदी शेवटी सगळी यंत्रं थांबली, नुसती घरघर उरली आणि त्यातून बाबा बोलले, इतकं पुसट की घरच्याच माणसाला शब्द कळावेत.

"ऐकलंस का गं? फ्रीज कण्हतोय आपला."

मग तिचा स्वतःचा आवाज, चिडलेला. "बाबा, आधी नळी लावा. मला दुसरी कामं आहेत की नाहीत?"

"आहेत की. पण माझ्यावर ओरडणं हे पहिलं काम."

आणि हसणं. बाबांचं खोकल्यात अडकणारं, आणि त्यावर कडी करणारं तिचं, खळखळून. दोघं हसत होती! हे ती साफ विसरली होती. इतकी वर्षं तिनं फक्त अर्धीच गोष्ट उराशी धरली होती.

डोळे पुसता पुसता तिचा हात थबकला. फ्रीज कण्हतोय. ती तर समजत होती की हा विनोद आपलाच. तो बाबांचा होता, त्याच मशीनवर केलेला. त्यांच्या घराबाहेर असं कुणी म्हणत नव्हतं, आणि हे वाक्य कानाला लावून महिनोन्महिने बसला होता तो ढब्बू. म्हणजे दुकानाची पायरी चढायच्या आधीच त्याला माहीत होतं. तो सांत्वनाला आला नव्हता. तिला कबूल करायला वाव देत होता, आणि ती त्याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत गेली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ढब्बू आला. जॅकेट हँगरला तयार होतं, पण ताईनं ते दिलं नाही.

"ते मी लिहिलं होतं, ढब्बू. फ्रीजचं."

"माहितेय."

"आणि गाणं मी आज पहिल्यांदा ऐकलं."

"ते पण माहितेय." तो जॅकेटकडे बघत म्हणाला, "मला वाटलं होतं, विचारल्याशिवाय तुझा आवाज घातला म्हणून तू सूड उगवलास. दुपारी कळलं, तू ऐकलंच नव्हतंस. त्याचं जास्त लागलं गं."

ताईला हुंदका आवरेना. "चुकलं रे माझं. फार चुकलं. त्या खोलीची भीती वाटायची मला. उद्या वाजव ना ते."

"लोक फ्रीज म्हणून ओरडतील."

"ओरडू देत. बाबांचाच शब्द आहे तो. मी आजच ग्रुपवर लिहिते, माझ्या खऱ्या नावानं. मशीन कुणाचं, शब्द कुणाचा, सगळं."

 ढब्बूनं हात पुढे करून जॅकेट घेतलं आणि कॉलर उगाचच नीट केली.

"दाढीला विचारतो. ऐकेल की नाही, सांगता येत नाही. तू मात्र पहिल्या रांगेत उभी राहा."

"आणि नाही वाजवलं तर?"

"तर ओरड," तो म्हणाला. "तुझं पहिलं काम आहे ते."