ती बोट आणि ते बोट

वळणावर बोट पुन्हा उलटली, तेव्हा आमच्या ह्यांनी रिमोट माझ्या हातात कोंबला. "देऊन टाक कुणाला तरी," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

लाल पोट वर करून पाण्यात पडलेली ती हातभर लांबीची बोट म्हणजे माझी सवत. मोटर रिवाइंडिंगचं दुकान बंद करून हे घरी आले की आधी तिची विचारपूस, मग माझी. रविवारी गावाबाहेरच्या जुन्या खाणीतल्या पाण्यावर शर्यती असायच्या, त्या दिवशी तर मी घरात असले काय, नसले काय, सारखंच. मी आयुष्यभर तिच्या नावाने बोटं मोडली. पण अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले, तेव्हा मीच तिला कपाटावरून काढून पुसून ह्यांच्या उशाशी ठेवली. म्हटलं, बाई, माझ्याच्याने होत नाही, आता तूच ह्यांना उठव. आणि खरंच उठवलं हो तिने. आज तीच पालथी पडली होती.

दोष तिचा नव्हता. रिमोटवर उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हाताच्या बोटाने वेगाचा खटका दाबायचा. वळण आलं की खटका जरासा सोडायचा, पलीकडे गेलं की पुन्हा दाबायचा. ह्यांचं ते बोट दाबायला सांगितलं की दाबतं. सोडायला सांगितलं की विचार करत बसतं. तेवढ्यात बोट भरधाव वळणात शिरते आणि कोलांटी मारते.

पलटी झालेली बोट काढून आणली ती कवळीने. कवळी म्हणजे ह्यांचा या शर्यतींतला जुना वैरी. दातांच्या कवळ्या बनवतो, म्हणून ते नाव. मी भावजी म्हणते. हे हरले की टोमणे मारल्याशिवाय घरी जायचा नाही. त्या दिवशी मात्र एकही टोमणा मारला नाही आणि तेच माझ्या काळजाला लागलं. ज्याला कुणी चिडवतही नाही, त्याचं सगळं संपलंच म्हणायचं.

बोट पुसता पुसता कवळी म्हणाला, "पंखा चुकतोय तुझा. दे, बघतो."

"पंखा ठीक आहे," हे म्हणाले. "बोट चुकली नाही लेका, बोट चुकलं."

कवळीने बोटीमागचा तो छोटा पितळी पंखा सोडवून खिशात टाकला आणि चालता झाला.

आठवड्याच्या मध्ये मी त्याच्या दुकानात गेले, पंखा झाला का विचारायला. आत एक म्हातारे गृहस्थ बोळक्या तोंडाने नव्या दातांची वाट बघत बसले होते. कारागीर खाणीवर गेलाय, म्हणाले. भर दुपारी? कामाच्या दिवशी? मी तरातरा तिकडे निघाले, चार शब्द सुनवायचेच ठरवून.

कवळी मांडीपर्यंत पाण्यात उभा होता. त्याची स्वतःची बोट पालथी पडली होती आणि तो तिला ओढून काढत होता. इतक्या वर्षांत याची बोट उलटलेली मी पाहिली नव्हती, मला तर हसूच फुटलं. मग त्याने रिमोट उचलला आणि मला त्याचा डावा हात दिसला. खटक्याच्या बोटाला त्याने आइस्क्रीमची काडी लावून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. बोट वाकायला धड नाही, सुटायलाही धड नाही. तसाच वळण घ्यायचा, उलटायचा, दगडावर बसून, दात घासायच्या कानशीने, स्वतःच्या बोटीला लावलेल्या आमच्या ह्यांच्या पंख्याची कड जराशी घासायचा आणि पुन्हा पाण्यात.

हसू आवरून मी काठावर बसले.

"पात्याची ही मागची कड ओठासारखी वळवलेली असते," तो जवळ येऊन सांगायला लागला, जणू मी तेवढंच विचारायला आले होते. "ती पाणी पकडते, म्हणून वेग. पण वळणात तीच शेपूट उचलते. तो ओठ कमी करतोय. त्याचं बोट उशिरा सुटणार. तेवढं पंख्याने सांभाळून घ्यायचं."

"भावजी, हे ह्यांना..." मी म्हणायला लागले.

"त्याला सांगू नका, वहिनी. त्याला दया चालत नाही. आणि मला करताही येत नाही."

रविवारी ह्यांनी पंखा हातात घेऊन उजेडात धरला. "दात पाडलेस की रे हिचे."

"धंदाच आहे माझा," कवळी म्हणाला.

शर्यत सुटली. सरळ पाण्यात आमची बोट अशी रेंगाळली की मला लाज वाटली. पहिलं वळण आलं. ह्यांचं बोट नेहमीसारखं उशिरा सुटलं आणि मी डोळे मिटले. उघडले तर बोट जरा बाहेर घसरत, शेपूट हलवत, पण पोट खालीच ठेवून पलीकडे निघाली होती. मग दुसरं वळण. मग तिसरं. हे वाकून, ओठ चावून, तिला नेत होते. मी रडत होते आणि आजूबाजूच्यांना सांगत होते की डोळ्यात काहीतरी गेलंय. शर्यत कवळीने जिंकली. आमची शेवटून पहिली आली, पण स्वतःच्या पायांनी काठाला आली.

"बैलगाडी केली माझ्या बोटीची," हे खुर्चीत बसत म्हणाले. तिला मांडीवर घेऊन पंख्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पण अगं, माझा हात त्याला कसा कळला?"

मी भावजींचं ऐकलं नाही. सगळं सांगितलं, काडी, चिकटपट्टी, ओली पॅन्ट, सगळं. ह्यांचा चेहरा बघवेना. उठले आणि तडक कवळीकडे निघाले. आता भांडण होणार म्हणून मी मागे धावले.

कवळी सामान आवरत होता. ह्यांनी त्याच्यापुढे डावा हात केला. आजारपणानंतर तो हात त्यांनी परक्या माणसासमोर कधी पुढे केला नव्हता. कवळीने एकदा माझ्याकडे रागाने पाहिलं, मग तो हात हातात घेतला. ह्यांची बोटं मिटायला वेळ लागला. कवळीने घाई केली नाही.