देवघरातली रेंज

विस्तव, चाक आणि वाय-फाय या तीन शोधांनी माणूस माणसाला जोडला, असं हौशीराम पेठ गावच्या पारावर ठासून सांगत. त्यांच्या घरातला वाय-फाय मात्र देवघरापासून माजघरापर्यंत येता येताच दम टाकी.

आणि त्यांच्या पत्नी ठकूबाई होत्या त्यापलीकडच्या खोलीत. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेला खिळलेल्या. मुलगा ऋषी हिंजवडीला. तिथून सकाळी निघालं तर पेठला न्याहारीला पोचता येतं. म्हणून तो रविवारी व्हिडिओ कॉल करी.

कॉल लागला की ऋषीचा चेहरा चौकोन चौकोन होऊन गोठे. "आई, आवाज तुटतोय, नंतर बोलू," एवढं मात्र नेमकं नीट ऐकू येई.

"बोलायचं लई असतं त्याला," ठकूबाई म्हणत. "रेंज बोलू देत न्हाई."

एकदा तरी तिनं पोराला धड बघावं, धड ऐकावं, एवढंच हौशीरामांना हवं होतं. त्यांनी मंचरहून नेट जोडणाऱ्या सुदर्शनला बोलावलं. त्यानं देवघरात डोकं घातलं. नवी वस्तू आधी देवापाशी, या घरच्या रिवाजानं राऊटर देव्हाऱ्यात बसला होता. चहूबाजूंनी पितळी पत्रा, पुढं समई, कपाळाच्या जागी हळदीकुंकू. त्यात नवरात्र लागलेलं, शेजारी घट.

"आप्पा, ह्याला पितळंत कोंडल्यावर रेंज कुठनं येणार? मावशींच्या उशाशी आणा."

"हात लावू नगंस!" आतून आवाज आला. तो विनारेंज नीट पोचला. "घट बसल्यात. देवापाशी बसलेलं दसऱ्याबिगर हलत न्हाई."

"मावशी, त्यो देव न्हाई, राऊटर हाय."

"कुंकू लावलंय की त्याला."

सुदर्शननं राऊटरला हात जोडले. जाताना त्यानं रेंज वाढवणारा एक डबा फ्रिजवर लावून दिला. तो स्वतःच रेंज शोधत लाल डोळा मिचकावत बसला. मग हौशीरामांनी खाट सरकवून पाहिली. ती दारातून जाईना. घर बांधताना दारं अरुंद आणि भिंती जाड हव्यात म्हणून गवंड्याशी आपणच भांडलो होतो, हे त्यांना आठवलं. ते डब्यासमोर जाऊन बसले.

दसऱ्याला घट उठले. सुदर्शननं येऊन लांब वायर ओढली. हौशीरामांनी राऊटरला झेंडूची माळ घातली, तो ठकूबाईंच्या उशाशी स्टुलावर ठेवला आणि ऋषीला कॉल लावला.

चेहरा आला. कुठंही न तुटता. कानशिलावरचे पिकलेले केससुद्धा दिसले.

"आई, कशी आहेस?"

"बरी हाय. तू?"

"मी पण."

आवाज इतका स्वच्छ, की त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. ऋषी शेजारच्या स्क्रीनवर काहीतरी वाचत होता; चष्म्याच्या काचेत ओळी सरकताना दिसत होत्या. ठकूबाई वाट बघत राहिल्या.

"दिवाळीला येशील?"

"बघू ना."

पुन्हा पंखा.

"आई, आवाज..." ऋषी सवयीनं म्हणाला आणि थांबला. आवाज येत होता. "जरा कामात आहे गं. ठेवतो."

फोन काळा झाला. स्टुलावरचे सगळे दिवे हिरवे होते. काहीतरी बोलावं म्हणून हौशीराम म्हणाले, "रेंज फुल हाय बघ."

ठकूबाईंनी मान भिंतीकडं वळवली.

"अवं," त्या म्हणाल्या, "तेवढं ते परत देवापाशी ठिवा. उजेड डोळ्यावर येतोय."