अडीच तास उशिराचे आजोबा

आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. भिंतीवरची सगळी घड्याळं एकच वेळ दाखवतात, एक सोडून. ते लेकीच्या शहराचं, आपल्यापेक्षा अडीच तास मागे. "आता उठली असेल," "आता जेवत असेल," असं करत हे दिवसभर त्याच्याकडे बघत बसतात आणि गिऱ्हाईक ताटकळतं.

लेक आणि नात पहिल्यांदाच येणार होत्या. नात आठ महिन्यांची, आणि आम्ही तिला पाहिलं ते फक्त फोनवर. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ह्यांना विमानात बसू दिलं नाही. त्यामुळे ह्यांना एकच ध्यास लागला होता: विमानतळावर पोरीला आधी मी घेणार. व्याही याच शहरात राहतात आणि त्यांचाही बेत तोच.

"आडनाव त्यांचं लावते ना? पुरे झालं. हातात आधी माझ्या," असं ह्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

तिकिटावर छापलं होतं, विमान तिकडून सकाळी नऊला निघणार, इथे साडेचारला उतरणार.

"तिकीट तिकडचं, म्हणजे वेळही तिकडची. आपले सात वाजतील," ह्यांनी निकाल दिला.

"अहो, लेकीला एकदा विचारा तरी."

"घड्याळवाल्याला घड्याळ शिकवतेस?"

झालं! प्रवास पाच तासांचा, पण ह्यांच्या हिशेबात विमान साडेसात तास उडत होतं. वाटेत चहाला थांबणार होतं की काय कोण जाणे!

पावणेपाचला मी इस्त्रीचा शर्ट घेऊन दुकानात पोहोचते, तोच फोन वाजला. लेक!

"आई, उतरलो! सामान मिळालं की बाहेर येतोच. कुठे उभे आहात?"

"दारातच," मी ठोकून दिलं. कुठल्या दारात ते सांगितलं नाही.

"अहो, उठा! नात आली!"

डोळ्याचं भिंग न काढताच हे पळत सुटले. दुकान उघडंच राहिलं. शेजारचा चप्पलवाला ओरडला, "मी बघतो, तुम्ही पळा!" टॅक्सीत शर्ट बदलला, तर बटणं वरखाली लागली.

"गाढव आहे मी," हे म्हणाले.

"आत्ता कळलं?" मी म्हटलं खरं, पण टॅक्सीवाल्याला दोनदा "जरा पळवा हो" म्हणून सांगितलं. इतके महिने ज्यासाठी हा माणूस झुरला, ते आता हातचं जाणार होतं.

विमानतळावर व्याही कठड्यापाशी हिरमुसून उभे. शेजारी लेक, पोरीला छातीशी घट्ट धरून.

"देईचना हो मला," व्याही म्हणाले. "म्हणते, बाबा आल्याशिवाय कुणालाच नाही."

लेकीने पोर ह्यांच्या हातात ठेवली. पोरीने आजोबांकडे नीट निरखून पाहिलं, ओठ बाहेर काढला आणि असं काही भोकाड पसरलं की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

लेक कावरीबावरी झाली. "बाबा, तिला सवय नाही ना अजून... द्या इकडे."

पण हे देतात कसले! डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू.

"अगं, रडू दे तिला!" हे म्हणाले. "फोनवर तोंड आधी वेडंवाकडं व्हायचं आणि आवाज मागून यायचा. आज बघ, तोंड उघडलं की लगेच कानात!"