उभ्या गाडीची काजळी

पीयूसीवाल्याने सायलेन्सरातली नळी काढली आणि मान हलवली. "फेल, नाना. धूर फार आहे."

चुडामण पाटलांनी गाडी तशीच जीवरामच्या गॅरेजात आणली. डिझेल गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. उद्या आरटीओत पासिंगची तारीख, आणि पीयूसीशिवाय तिथं कोणी गाडीकडे बघणारही नव्हतं. धुळ्याची लेक पुनम फोनवर एकच टुमणं लावून होती, "आबा, भंगारात देऊन टाका. तुम्ही जाता कुठं आता?"

त्यांना गाडी द्यायची नव्हती. एवढंच.

जीवरामने एअर फिल्टर बदलला होता, नोझलही साफ केले होते. आता त्याने सायलेन्सरात बोट फिरवून बघितलं. "बठ्ठी काजळी शे, सगळी काजळीच. नाना, गाडी चालवता की नाही?"

"रोज चालू करतो."

"चालू करता. चालवता का?"

बायको दिपमालाबाई वारल्यापासून रोज सकाळी असोद्याच्या घराच्या अंगणात चुडामण गाडी चालू करून आत बसत. शेजारच्या सीटकडे वळून तिच्याशी बोलत. इंजिनच्या आवाजात बाहेर कोणाला ऐकू जात नसे. गाडी मात्र जागची हलत नसे.

"उभी ठेवून नुसती घुरघुरवली की डिझेल गाडी अशीच कोंडते," जीवराम म्हणाला. "पाळधीच्या पुढे काढू. तिसऱ्या गिअरात दाबायची. तापली की बंद न करता सरळ पीयूसीला." त्याने पुढचं डावं दार उघडलं.

"मागं बस."

"मी काय शेठ आहे, नाना?"

"मागं बस म्हणतो ना."

"बरं. चला, ड्रायव्हर."

धुळ्याच्या रस्त्याला लागल्यावर चुडामणांनी वेग वाढवलाच नाही. दिपमालाबाईंना शेवटचं दवाखान्यात नेलं ते याच रस्त्याने. खड्ड्याचा हिसका बसू नये म्हणून त्या दिवशी गाडी बैलगाडीसारखी हाकली होती.

"दाबा!" मागून जीवराम ओरडला.

त्यांनी दाबलं. इंजिन किंचाळलं. आरशात काळ्या लोटाशिवाय काही दिसेना. एक मोटरसायकलवाला नाक धरून शेजारी आला. "ओ काका, वीटभट्टी घेऊन कुठं निघाले?"

पाय आपोआप सैल पडला.

"उचलू नका, नाना! आता उचलला तर गाडी गेली समजा."

चुडामणांनी दात आवळले आणि पाय पार खाली दाबून धरला. एरंडोलच्या अलीकडे आरशात मागचा ट्रक दिसायला लागला. मग त्याचा नंबरही.

परत येऊन नळी लावली. पीयूसीवाल्याने पुन्हा पुन्हा रेस करायला लावली, कागद काढला. "पास."

दुसऱ्या दिवशी पासिंगही झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात गाडीत बसले. चालू केली, बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. अशीच उभी ठेवली तर पुन्हा कोंडणार. त्यांनी गाडी फाटकाबाहेर काढली. फाट्यावर येऊन थांबले.

"कुठं जाऊ गं?"

मागून एसटीने हॉर्न दिला. पुन्हा दिला. चुडामणांनी गिअर टाकला आणि समोर होता तो रस्ता धरला.