एकवीस तारखेचं ताट

एकवीस तारखेला जेवायचं नाही, असा त्या संस्थेचा नियम होता. एकवीसच का, तर सरकारकडून गरिबांना धान्यभाजीसाठी जे कार्ड मिळतं, ते बहुतेकांचं त्या सुमाराला रिकामं होतं. पुढचे नऊ-दहा दिवस ज्यानं त्यानं आपले बघायचे. म्हणून वॉशिंग्टनमधल्या एका जुन्या चर्चच्या तळघरात, संस्थेच्या ऑफिसात, एकवीस तारखेच्या सकाळी सगळे लांब टेबलाशी रिकामी ताटं मांडायचे. प्रत्येकाच्या ताटात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर आपल्याला भेटलेल्या एका उपाशी माणसाचं नाव. मग प्रार्थना, आणि प्रार्थना संपते न संपते तोच फोन उचलून सिनेटरांच्या ऑफिसांच्या मागे लागायचं. सूर्य मावळला की ताट उचलायचं, चिठ्ठी बायबलात ठेवायची आणि उपास सोडायचा. दिवसभर पाणी तेवढं चालायचं. फराळ-बिराळ असले लाड तिथे नव्हते.

टर्झा व्हिटलो तिथे वर्षभराच्या फेलोशिपवर आली होती. तेवीस वर्षांची, अलाबामातल्या एका पाद्र्याची मुलगी. मनानं चांगली, पण हट्टी. पहिले सहा महिने तिला आर्कान्सातल्या हॉलो बेंड नावाच्या नदीकाठच्या गावात पाठवलं होतं. दारोदार जायचं, लोकांचं ऐकून घ्यायचं, त्यांचे कागद भरून द्यायचे. पुढचे सहा महिने वॉशिंग्टनला बसून तेच सगळं कायदे करणाऱ्यांच्या कानांवर घालायचं. संस्थेच्या प्रमुख रेव्हरंड लेनोरा क्रेन हे पहिल्याच दिवशी बजावायच्या. "आपण भाकर वाटत नाही हं. भाकरीचा कायदा ज्यांच्या हातात आहे ना, त्यांचा कान धरतो. देवाकडे रोजची भाकर मागायची आणि सिनेटरला पत्र लिहायला कंटाळायचं, असली भक्ती माझ्याकडे चालणार नाही."

टर्झाच्या ताटातलं नाव होतं मिस ओझेला प्रुइट. हॉलो बेंडमध्ये एकटीच राहणारी, एक्याऐंशी वर्षांची म्हातारी. ताठ इतकी, की घरात दाणा नसला तरी आलेल्या माणसाला "जेवूनच उठले बघ आत्ता" म्हणून सांगायची. टर्झानं एकदा कपाट उघडून पाहिलं तेव्हा आत मिठाची बरणी होती, आणि ज्वारीच्या धांडांच्या काकवीची एक बाटली, तळाला बोटभर उरलेली. त्या दिवसापासून पोरीचा जीव तिच्यात अडकला. वॉशिंग्टनला आल्यावरही ती रोज संध्याकाळी फोन करायची.

मार्चच्या एकवीस तारखेला टर्झानं पहिल्यांदा त्या नावाचं ताट मांडलं. संध्याकाळी फोन केला तर पलीकडून खुशीतला आवाज.

"पोरी, आज काय सांगू तुला! सकाळपासून पोट कसं गच्च आहे. खाल्लं काहीच नाही, आणि वर ढेकर!"

"शेजारच्या, तुमच्या चर्चमधल्या वर्नेलबाईंनी काही आणून दिलं असेल, मिस ओझेला."

"मी म्हातारी झाले, खुळी नाही. सिस्टर वर्नेल गेलीय मेम्फिसला लेकीकडे."

टर्झाला वाटलं, म्हातारी नेहमीसारखंच झाकतेय. पण एप्रिलमध्ये जे झालं त्यानं तिच्या अंगावर काटा आला. आदल्या दिवशी तिनं कोपऱ्यावरच्या इथिओपियन खानावळीतून इंजेरा आणि डाळ आणून ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, उपास सोडायला. संध्याकाळी मिस ओझेला म्हणाली, "आज हे कसलं गं जेवण? आंबट, जाळीदार, आंबोळीसारखं काहीतरी घडी घातलेलं, आणि आत लालभडक डाळ. नाकातोंडातून पाणी आलं माझ्या. जन्मात असलं कधी खाल्लं नव्हतं."

टर्झा फ्रिजकडे धावली. डबा होता तसाच होता. तिनं घास घेतला, तर चवच नव्हती. ना आंबट ना तिखट, भिजवलेला कागद चघळावा तसं. तिनं डब्याला झाकण लावलं आणि खाली फरशीवर बसून राहिली.

आता शहाण्या माणसानं इथे थांबावं की नाही? निदान लेनोराबाईंना तरी सांगावं? पण टर्झाला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. सहा महिने ती लोकांची भूक वहीत लिहून घेत होती आणि कुणाच्याही ताटात एक घास पडलेला तिनं पाहिला नव्हता. आता कुठे काहीतरी पोचत होतं! मे महिन्यात तिनं बावीस तारखेलाही ताट मांडलं, आपल्या खोलीवर, दार लावून. मग तेवीस तारखेला. जूनमध्ये तर वीस दिवस. सूर्य मावळल्यावर दोन बिस्किटं आणि दूध घ्यायची, सकाळी पुन्हा ताट. तिची भूकही तिची राहिली नव्हती. दुपारी पोटात जी कळ उठायची ती खोल आणि जुनी असायची, आणि तिला हवा असायचा मक्याचा पाव, त्यावर काकवी. काकवी टर्झाला लहानपणापासून आवडत नव्हती.

"कशा आहात, मिस ओझेला?"

"मजेत गं. भूक म्हणून नाही बघ. स्वयंपाकघरात जायचं कारणच उरलं नाही."

हे ऐकून टर्झा निर्धास्त व्हायची. कार्ड चालू आहे का, ते चालू ठेवायला दरवर्षी लागणारा कागद भरून पाठवला का, हे तिनं विचारलंच नाही. सहा महिने दुसऱ्यांना हाच एक प्रश्न विचारत फिरलेली मुलगी! तो कागद मे महिन्यातच जायला हवा होता. तो गेला नाही आणि जूनच्या पहिल्या तारखेला कार्ड बंद पडलं. म्हातारीनं ते कुणाला सांगितलं नाही. पोट भरलेलं माणूस कशाला तक्रार करेल?

जुलैत लेनोराबाईंनी आर्कान्साच्या सिनेटरच्या ऑफिसात वेळ मिळवली. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना दरवर्षी कागद भरायला लावू नये, एवढी एक ओळ कायद्यात हवी होती. ती ठेवायची की खोडायची हे ग्रेडी पर्सेल नावाचा सिनेटरचा सहायक ठरवणार होता. तिशीतला, हसतमुख, सगळं घड्याळाकडे बघत करणारा. तो म्हणाला, "आकडे मला पाठ आहेत. आमच्या राज्यातलं एक माणूस ऐकवा."

तारीख नेमकी एकवीस होती, मंगळवार. टर्झानं फोन लावून टेबलावर ठेवला. ग्रेडीनं नम्रपणे विचारलं, "मॅडम, कार्ड बंद असल्यानं तुमची उपासमार होतेय, हे खरं का?"

कार्ड बंद आहे हे टर्झाला तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. ग्रेडीनं सकाळीच राज्याच्या नोंदी बघून ठेवल्या होत्या.

"कार्ड बंद आहे, साहेब," मिस ओझेला म्हणाली. "पण उपासमार कसली? मी देवाच्या घरची बाई, खोटं नाही बोलणार. वसंतापासून मला भूक लागलेली नाही. पोट भरलेलं आहे माझं."

ग्रेडीनं पेनाचं टोपण लावलं. "कार्डाशिवाय चाललंय म्हणजे," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याचं तरी काय चुकलं?

लेनोराबाईंनी त्याच्या आईचा दफनविधी स्वतः केला होता. तेवढ्या एका ओळखीवर त्यांनी पुढच्या मंगळवारची दहा मिनिटं मिळवली. जिन्यात आल्यावर त्यांनी टर्झाचं मनगट धरलं आणि ते हातात कसं सैल फिरतंय ते बघून त्या थबकल्या.

"किती दिवस झाले जेवून?"

टर्झानं सगळं सांगितलं. आंबोळीसारख्या इंजेऱ्यापासून बंद दारामागच्या ताटापर्यंत. लेनोराबाई हसल्या नाहीत, की तिला वेड्यातही काढलं नाही. त्या पायरीवर बसल्या.

"तिला पोट भरल्यासारखं वाटतंय. भरलंय का? अगं, ती बाई महिनाभर चुलीपाशी गेलेली नाही! आणि आज तिला तिची भूक सांगायची होती, तर ती तिच्यापाशी नव्हतीच. तू घेऊन बसली होतीस. पुढच्या मंगळवारपर्यंत एकही ताट मांडायचं नाही. जेव."

टर्झानं लगेच सिस्टर वर्नेलला फोन करून म्हातारीकडे पिटाळलं. वर्नेलबाई मेम्फिसहून परत आल्या होत्या. त्या रोज भांडं भरून घेऊन जायच्या. मिस ओझेला दारातच म्हणायची, "भूक नाही गं, ठेव तिथे," आणि भांडं तसंच राहायचं. कारण टर्झा कितीही ठरवून जेवायला बसली तरी घास गळ्याखाली उतरत नव्हता. आपण खाल्लं की तिकडे म्हातारीच्या पोटात आग पेटणार, हे डोक्यात यायचं आणि हातातला काटा खाली पडायचा. ताट मांडलं नाही एवढंच. म्हातारीच्या नावाचा उपास चालूच होता, आणि तो पोचत होता.

सोमवारी संध्याकाळी तिनं अखेर फोनवर रडत रडत सगळं कबूल केलं.

"ते मला पहिल्या ढेकरालाच कळलं होतं," मिस ओझेला म्हणाली. "माझी आजी करायची असं. महापुराच्या वर्षी तिनं माझ्या आईसाठी ताट मांडलं होतं. ज्याचं नाव ताटात, त्याचं पोट भरतं. सूर्य मावळला, ताट उचललं, उपास सोडला, की संपलं. तू सोडतच नाहीस."

"मग मला अडवलं का नाही तुम्ही?"

"ऐंशी वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी उपाशी राहिलं होतं, पोरी. गोड वाटलं. चुकलंच माझं. तो साहेब उद्या किती वाजता फोनवर येणार?"

"दहाला. मी सकाळी जेवेन, मिस ओझेला. शपथ घेऊन सांगते."

"तुझ्यानं नाही व्हायचं ते," म्हातारी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

नाहीच झालं. मंगळवारी सकाळी अंड्याची बशी समोर घेऊन टर्झा तासभर बसली आणि तशीच उठून निघाली. ग्रेडीच्या ऑफिसात ती वेळेत पोचली. तिनं आपला फोन टेबलावर ठेवला. दहाला पाच कमी होते. लेनोराबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या.

आणि टर्झाच्या पोटातली कळ एकदम थांबली. दिवा मालवावा तशी. तोंडात मक्याच्या पावाचा खरपूस कण आला, मागोमाग काकवीचा चिकट गोडवा. घशाखाली ऊन ऊन काहीतरी उतरत गेलं, पोट भरत गेलं. तिनं तोंडावर हात दाबला. त्या हाताआडून ढेकर आला.

"काय झालं?" ग्रेडीनं विचारलं.

तोंडावरचा हात न काढता तिनं फोन त्याच्याकडे सरकवला. ग्रेडीनंच तिच्या फोनवरून नंबर लावला.

"मॅडम, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात..."

"मागचं सोडा, साहेब." आवाज कापत होता. महिनोन्‌महिने टर्झानं ऐकलेला तो खुशीतला आवाज कुठेच नव्हता. "आज मला भूक लागलीय. फार भूक लागलीय. सगळ्या दिवसांची एकदम आली. हातांनी टेबल धरून ठेवलंय, नाहीतर पडेन. भूक कशी असते सांगू तुम्हाला? माणूस आधी लाजतं. मग लाज संपते आणि नुसतं थंड वाटतं. उन्हाळा आहे ना बाहेर? मला थंडी वाजतेय."

ग्रेडीनं घड्याळाकडे बघितलं नाही. "शेवटचं कधी खाल्लंत?"

"एक पावाचा तुकडा होता, त्यावर शेवटची काकवी घातली होती. समोर ठेवलाय. खात नाही."

"का?"

"एका पोरीच्या नावानं वाढलाय."

ग्रेडीनं वहीत लिहिलं, घरात लहान मूल आहे, त्याला आधी भरवते. त्यानं त्या ओळीखाली रेघ ओढली आणि तिथल्या तिथे राज्याच्या ऑफिसला फोन लावला. शुक्रवारपर्यंत कार्ड चालू झालं पाहिजे, असं त्यानं दोनदा ठणकावलं. कायद्यातली ओळही राहील, म्हणाला.

टर्झा आपला फोन उचलून बाहेर पळाली. "मिस ओझेला, झालं सगळं! आता उचला ते ताट. खा तो तुकडा. वर्नेलबाई येतायत, मी आत्ता फोन करते."

"सूर्य मावळल्यावर," म्हातारी म्हणाली. "अर्ध्यात सोडलेला उपास तुला पोचायचा नाही. तू आधी दम धर. पोट भरलं का माझ्या बाळाचं?"

"भरलं."

"काकवी आवडली?"

"आवडली," टर्झा हुंदके देत म्हणाली. ते खोटं नव्हतं.

सिस्टर वर्नेल सात वाजता रस्सा घेऊन गेल्या. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मिस ओझेला टेबलाशी बसलेली होती, हात मांडीवर, गार पडलेले. ताट समोर, त्यात पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आणि पावाचा तुकडा. मुंगीसुद्धा लागली नव्हती. "अंगात वजन म्हणून नव्हतं गं," वर्नेलबाई फोनवर सांगत होत्या, "आणि चेहरा कसा, आत्ता जेवून उठल्यासारखा." सूर्य मावळायला सव्वा तास होता. उपास सुटला नव्हता. पुढे त्यांनी ताट उचललं, धुतलं, पण ते ज्यानं मांडलं त्यानंच उचलायचं असतं.

कार्ड शुक्रवारी चालू झालं.

ऑगस्टमध्ये फेलोशिपचा निरोप समारंभ झाला. सगळ्यांनी आग्रह करकरून वाढलं. टर्झानं सगळं खाल्लं, घास मोजत, घड्याळ बघत, कारण डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. जूनपासून न खाता ती बावीस पौंड उतरली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. आता अलाबामाहून तिची आई रोज तीनदा फोन करून जेवलीस का विचारते. वीस तारीख असो की एकवीस, टर्झाला काही फरक पडत नाही. तोंडात काकवीची गोडी असते, झोपेत असते, जागेपणी असते. फेलोशिप संपल्यावर ती संस्थेतच कामाला राहिली, पण बाकीचे एकवीस तारखेला रिकाम्या ताटांपुढे बसले की ती उठून जिन्यात जाऊन उभी राहते.

तपासण्या सगळ्या झाल्या. कुठे काही निघालं नाही. डॉक्टर तरुण होती, चिडून म्हणाली, "अहो, भूक लागतच नाही असं कसं होईल? आठवून बघा. शेवटची कधी लागली होती?"

"अठ्ठावीस जुलैला," टर्झा म्हणाली. "सकाळी दहाला पाच कमी असेपर्यंत."