भज्जी उरली त्या वर्षी

"आज्जी, तुम्ही जेवायला येता का भरून न्यायला?"

प्रश्न रेश्मा आणि वैजयंतीनं काढला होता, विचारला मी. दोघी माझ्याच वर्गातल्या, नववी ब. त्या वर्षी मी वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आले होते आणि तेव्हापासून माझं तोंड नळासारखं सुटलं होतं. आधी मी बाकावरून उठून पाणी प्यायला जाऊ का एवढंसुद्धा विचारायची नाही. आता कुणालाही काहीही विचारू शकत होते. मैत्रिणींना मजा सापडली. "उत्कर्षा, विचारून दाखव" म्हटलं की मी उभी. भूगोलाच्या सरांना त्यांचे केस खरे आहेत का विचारलं. शाळेबाहेरच्या वडेवाल्याला कढईतलं तेल कुठल्या वर्षीचं आहे विचारलं. तोसुद्धा हसला. कुणी हसलं की मला वाटायचं, बरोबर आहे आपलं.

येळवसला मी या दोघींना हट्टानं आमच्या रानात नेलं होतं. आमचं रान दुधनीजवळ. चनमल्लप्पा काका आणि काकी तिथंच राहतात, आम्ही सोलापुरात. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी आमच्या भागात घराला कुलूप लावून सगळे रानात जातात. ज्वारी तेव्हा पोटऱ्यात असते, म्हणजे कणीस अजून ताटाच्या पोटात. म्हणून ते जमिनीचं डोहाळजेवण. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, आंबील, उकडलेले उंडे, खीर, आणि सगळ्या शेंगाभाज्या घालून पातेलंभर भज्जी. काका दरवर्षी एकच वाक्य म्हणतात, "आज रानात जो जेवतो, त्याच्या तोंडानं जमीन जेवती." म्हणून रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाका मारून बसवायचं, त्याची जात, गाव काही विचारायचं नाही. आणि भज्जीचं पातेलं रिकामंच घरी न्यायचं. उरलेलं असतं ते वर्षभर रानात राबलेल्या बायकांच्या डब्यात भरायचं. डबे त्यांनी आणायचेच असतात. नाही आणले तर काकी रागावतात.

हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे. रेश्मा-वैजयंतीला माहीत नव्हतं. त्यांना सूट आहे, मला नाही.

चंद्रव्वा आज्जी पंक्तीच्या कडेला बसली होती. पेरणीपासून खुरपणीपर्यंत आमच्या रानात बायकांची टोळी तीच आणते. ती बोलवेल तेव्हा बायका येतात, ती बसली की बसतात. दोन भाकरी, भज्जी, परत भज्जी, आंबील दोनदा, असं तिचं निवांत जेवण चाललं होतं. मांडीशेजारी तीन खणांचा डबा, झाकण काढून ठेवलेला. रेश्मा माझ्या कानात म्हणाली, "एवढं खाऊन परत पार्सल पण?" वैजयंतीनं फोन काढून व्हिडिओ सुरू केला. "विचार की. विचारलंस तर मानू तुला."

मी स्टेजवर उभी राहते तशी उभी राहिले. हातसुद्धा तसाच पुढं केला.

लोक हसले. माझा लांबचा चुलतभाऊ अजिंक्य हसला, शेजारच्या रानातले पाहुणे हसले. चंद्रव्वा आज्जीसुद्धा हसली. "दोन्हीला येतो की, बाळ," म्हणाली. मी मैत्रिणींकडं विजयानं बघितलं.

मग काकी पळी घेऊन डबा भरायला आल्या. आज्जीनं डब्यावर तळहात ठेवला.

"साकु गं, तंगी. आज नको."

आमच्याकडं कानडी-मराठी एकाच ताटात असतं. साकु म्हणजे पुरे, तंगी म्हणजे धाकटी बहीण. काकींना चेष्टा वाटली, त्यांनी पळी पुढं केली. आज्जी म्हणाली, गुडघे दुखतात, एवढं ओझं घेऊन कुठं चालत जाऊ. तिनं झाकण लावलं, हात धुतले, पांडवांना नमस्कार केला आणि निघाली. डबा हातात हलका हलत होता.

पळी मग मायाक्काकडं वळली. मायाक्का मेंढपाळाची, तिची मेंढरं आमच्या रानाच्या मोकळ्या तुकड्यात खतासाठी बसवलेली होती. ती म्हणाली, आमच्यात आज खायाला कोण न्हाय. तिची दोन्ही पोरं समोर बांधावर झोका खेळत होती. तिच्यापुढची म्हणाली पोट भरलंय. तिच्याही पुढची म्हणाली डबाच विसरले, आणि पदराखाली डबा असलेला सगळ्यांना दिसत होता.

एकीनंही घेतलं नाही.

काका ऊन उतरेपर्यंत रस्त्यावर उभे राहून मोटारसायकलवाल्यांना हाका मारत होते. दोघं-तिघं थांबले, जेवले. तरी पातेलं अर्धं राहिलं. काकींनी ते तसंच डोक्यावर घेतलं तेव्हा त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. काका ज्वारीकडं बघत एवढंच म्हणाले, "जमीन अर्धपोटी उठली की आज."

तोपर्यंतही मला राग होता, लाज नव्हती. परतीच्या गाडीत मी मम्मी-पप्पांपुढं माझी बाजू मांडली. एक म्हणजे ती चेष्टा होती. दुसरं म्हणजे आज्जी स्वतः हसली. तिसरं, प्रश्न विचारणं गुन्हा नाही. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "मुद्दे चांगले आहेत," म्हणाले आणि गाडीची काच वर केली.

मम्मी दरवर्षी येळवसची भज्जी बिल्डिंगमध्ये वाटते. त्या दिवशी तिनं डबा भरून घेतलाच नाही. राबलेल्या बायका रिकाम्या गेल्यावर हिनं कोणत्या तोंडानं मागायचं? आम्ही जिना चढतोय तोवर खालच्या नसीमा आपा वाटी घेऊनच दारात आल्या. "भाभी, भज्जी नै लाए क्या इस बार? अम्मी सुबह से राह देखरे." मम्मी म्हणाली, वाटेत आंबली, टाकून दिली. माझी मम्मी रिक्षावाल्याशीसुद्धा खोटं बोलत नाही. आपा "कोई बात नै" म्हणाल्या, पण वाटी दोन्ही हातांत धरून त्या तिथंच थांबल्या, जणू मम्मी आत्ता हसून डबा काढेल. मम्मीनं दार लावलं. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिली.

तेव्हा पहिल्यांदा मला लाज वाटली. प्रश्न विचारला दुधनीच्या रानात, आणि उपाशी राहिल्या सोलापुरात नसीमा आपांच्या सासूबाई. त्यांनी चंद्रव्वाला आयुष्यात पाहिलेलं नाही.

वैजयंतीनं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता, खाली हसून लोळणारी तोंडं. मी रात्री फोन करून काढायला लावला. पण अजिंक्यनं तो तिच्याकडून घेऊन आधीच गावच्या ग्रुपवर टाकला होता. "लई भारी बोलली ताई" असं लिहून.

मग शाळा, परीक्षा, आणि मला वाटायला लागलं की झालं, विसरले सगळे. माघात ज्वारी काढणीला आली तेव्हा काकांचा फोन आला. पप्पांनी स्पीकरवर ठेवला होता. काका सांगत होते की चंद्रव्वाची टोळी येत नाही. भांडण नाही, तंटा नाही. दारात गेलं तर चहा देते, गोड बोलते, आणि म्हणते, दुसऱ्याला शब्द दिलाय. दुसऱ्या टोळीतल्या बायकाही नाही म्हणतात. मायाक्काची मेंढरं पलीकडच्या रानात गेली. ज्वारी वाळून कडकडली, पाखरं कणसं रिकामी करतायत, आभाळ तर रोज संध्याकाळी भरून येतंय. दोघं नवरा-बायकोच काढायला लागलेत. ज्वारी उपटून काढायची असते, मुळासकट. काकींची कंबर धरली होती.

"कुणाला दोष न्हाय द्यायचा," काका म्हणाले. "पर रान मोठं हाय रे."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी शेजारीच बसले होते, हे त्यांना माहीत असणार.

मी पप्पांना म्हटलं, मला माफी मागायला न्या. रविवारी आम्ही दोघं दुधनीला गेलो. वाटेत मी मनात सगळं जुळवत होते. सुरुवात कशी, मध्ये कुठं थांबायचं, शेवटी काय. मला सवय आहे ती.

चंद्रव्वा आज्जी दारात शेंगा फोडत बसली होती. टोळीचं एक रान काढून झालं होतं, दुसरं सोमवारी लागायचं होतं. तिनं आमच्यासाठी घोंगडं टाकलं. मी बसले नाही. उभी राहिले आणि बोलायला लागले. माझ्याकडून अनवधानानं आपल्या भावना दुखावल्या गेल्या, अन्न हे पूर्णब्रह्म, श्रमाची प्रतिष्ठा, असं सगळं. आज्जी शेंग हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"छान बोलती की," ती पप्पांना म्हणाली. "बक्षीस मिळालं म्हणं हिला."

तिला टोमणा मारायचा नव्हता. खरंच कौतुक होतं. मला कानापासून गळ्यापर्यंत गरम झालं. मी खाली बसले. जुळवलेलं एकही वाक्य उरलं नव्हतं, आणि मी नुसतं म्हटलं, "आज्जी, चुकलं माझं."

ती शेंगा फोडत बोलली, माझ्याकडं न बघता.

"तुझ्यावर राग न्हाय, बाळ. तू लेकरू. पर नातू पुण्याला असतो माझा. त्यानं फोन केला. म्हनला, आज्जी, तू लोकांच्यात जाऊन भरून आणती व्हय? मला पोरं हसाय लागली. आता कुटं जेवाय जायचं न्हाय म्हनला." तिनं टरफलं पदरातून झटकली. "त्याला काय सांगू? आन् मला बी काय झालंय, आता कुणाच्या बी रानात बसलो की घास मोजतो. ही दुसरी भाकरी, आता उठावं. वाढणारीच्या तोंडाकडं बघतो. माझं बघून बाकीच्या बी मोजत्यात. साठ वर्सं जेवलो की गं मी लोकांच्या बांधावर. कधी मोजलं न्हवतं."

पप्पा खाली बघत होते. त्यांनीही लहानपणी तिच्या फडक्यातली भाकरी खाल्ली आहे, ते मला नंतर कळलं.

आज्जी उठली, आत गेली, आणि आमच्यापुढं भाकरी आणि शेंगाची चटणी, वर दही असं आणून ठेवलं. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. घाबरून. भूक सणकून लागली होती. पहिला तुकडा मोडला आणि माझी नजर आपोआप दारातून आत, चुलीजवळच्या दुरडीकडं गेली. त्यात किती भाकरी उरल्यात? आम्ही दोघांनी खाल्ल्यावर तिला राहतील का? मी अर्धीच घ्यावी का?

आज्जीनं मला बघताना बघितलं.

"बघ," ती म्हणाली, अगदी हळू, "तू बी मोजाय लागली."

तो तुकडा माझ्या तोंडात होता. चावला, पाणी प्यायले, तरी खाली जाईना. मला रडू आलं ते तिला वाईट वाटलं म्हणून नाही, माफ केलं नाही म्हणूनही नाही. मला दिसलं की हे कुठं थांबणारच नाही. माझ्या तोंडातून निघालं, तिच्या घशात गेलं, तिथून टोळीत, पुण्यात, आपांच्या वाटीत, काकींच्या कमरेत, आणि फिरून माझ्याच घशात येऊन बसलं. मधे कुठं भिंतच नव्हती. काका म्हणतात ते जमिनीचं एकच तोंड, ते मी दरवर्षी गोष्टीसारखं ऐकायची. मी त्याच तोंडात माती घातली होती.

आज्जीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "खा," म्हणाली. पण तीही खात नव्हती.

निघताना मी तिला एक गोष्ट विचारली. या वेळी शिकवलेलं किंवा पैज लावलेलं काही नव्हतं, आणि आवाज जेमतेम फुटला. ती बराच वेळ माझे हात उलटेपालटे करून बघत राहिली. "हात फुटतील गं तुझे," म्हणाली. मग म्हणाली, "बघू."

घरी आल्यावर मम्मीनं ताटं वाढली. मी माझं ताट बाजूला सरकवलं आणि दोघांना म्हटलं:

"मम्मी, पप्पा, पुढच्या रविवारपासून मी चंद्रव्वा आज्जीच्या टोळीत काढणीला जाणार आहे. क्लास बुडेल, माहितीये. आपल्या रानात नाही, तिला सांगायचंही नाही की आपल्याकडं ये. ती नेईल त्या रानात जाईन. आणि दुपारी त्या बायका बांधावर बसतील तिथं बसून, ज्यांचं रान असेल ते वाढतील ते जेवीन. आज्जीला न मोजता घास जाईपर्यंत."