सोनमची गोष्ट कुठं बांधायची

एक होती सोनम. शाहूवाडीकडच्या एका बालगृहात राहायची. शेजारच्या खाटेवर दीप्ती नावाची मैत्रीण होती, आणि ती झोपेत

थांबा. सोनमला जयसिंगपूरला हलवलं.

एक होती सोनम. जयसिंगपूरच्या शाळेत तिला मॉनिटर केलं. मॉनिटर झाल्या झाल्या तिनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला घेतली, आणि पहिलं नाव

पुन्हा हलवलं. इमारतीला रंग द्यायचा होता म्हणे.

एक होती

इथून का हलवलं ते कुणालाच ठाऊक नाही.

तर आता २००३ साल. सोनम अकरा वर्षांची, आणि सरकारच्या बालसंगोपन योजनेतून ती गडमुडशिंगीच्या आक्काताईंकडं आलेली. आक्काताई एकट्या, आवाज मात्र पाच माणसांचा. सोनमनं पिशवी उघडलीच नाही. झोपली तीही चप्पल घालून.

“सपनात बाजारला जातीस व्हय गं?” आक्काताई ओरडल्या.

सोनमला सवय होती, दुसरं काय. न्यायला माणसं आली की चप्पल शोधत बसायला नको.

त्याच आठवड्यात आक्काताईंनी म्हैस आणली. नवी जागा, नवी माणसं; म्हैस धारेला उभीच राहीना. पेंड घातली, पाठ थोपटली, शिव्या घातल्या. एका लाथेत बादली उकिरड्यावर. सोनम घाबरली, आणि घाबरून तिनं नव्या जागी म्हणायचं ठरलेलं भाषण म्हणून टाकलं, “माझं नाव सोनम. मी शहाणी आहे. मी कुणाला त्रास देणार नाही.”

म्हशीनं कान टवकारले आणि पान्हा सोडला.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ भाषण.

सहा महिन्यांनी ऐन धारेच्या वेळी योजनेच्या ऑफिसातले गणपतराव चिठ्ठी घेऊन आले. सोनमला साताऱ्याला हलवायचं होतं. पिशवी तर भरलेलीच होती. पण या खेपेला पाय काही केल्या चपलेत जाईना.

“धार झाल्याबिगर पोरगी हालायची न्हाय!” आक्काताई कडाडल्या.

“त्यात काय आक्का? मी काढतो की. आमच्यात चार म्हशी हाईत,” म्हणत गणपतरावांनी बाह्या सारल्या.

पहिल्या लाथेत बादली गेली, दुसरीत गणपतराव. मग आक्काताईंनी भाषण सांगितलं. गणपतराव शेणातनं उठून म्हणाले, “माझं नाव गणपतराव. मी शहाणा हाय.”

ओली शेपटी सपकन तोंडावर बसली.

“खोटं बोललेलं कळतंय तिला,” आक्काताई म्हणाल्या.

गणपतराव तोंड पुसत म्हणाले, “कवा आणलीसा?”

“पोरीबरूबरच.”

“मग बरूबर हाय. आत्ता कुठं रुळलीया. आमच्या बानं रुळलेलं जनावर कधी दावणीवरनं हलवलं न्हाय. बिथरतंय की!”

आक्काताई गप्प बसल्या. गावात बातमी व्हावी अशी ही घटना. त्या नुसत्या सोनमच्या पिशवीकडं बघत राहिल्या. मग गणपतरावही बघू लागले. त्यांनी शेणाच्या हातानं चिठ्ठी उलटी केली.

“कारण काय लिवू?”

“आत्ता बोललासा त्येच.”

त्यांनी लिहिलं, ‘आत्ताच रुळली आहे. अठरा वर्षांची होईपर्यंत दावणीवरून हलवू नये.’

चौथ्या दिवशी चिठ्ठी शिक्का घेऊन परत आली. वरच्या साहेबांनी नेहमीसारखं न वाचताच मंजूर केलं होतं.

सोनमनं पिशवी उघडली. आतला फ्रॉक तिला आखूड झाला होता. आक्काताईंनी त्याचं म्हशीला पुसायचं फडकं केलं. संध्याकाळी सोनम अनवाणीच गोठ्यात गेली.

“माझं नाव सोनम,” ती म्हणाली आणि थांबली. शहाणी वगैरे तिनं गाळलंच. “शाहूवाडीला माझी एक मैतरीण हाय, दीप्ती. ती झोपेत सतराचा पाढा म्हणायची. त्योबी चुकीचा. आन् जयसिंगपूरला मी फळ्यावर पयलं नाव बाईंचंच लिवलं, त्याच लई बोलायच्या. आन् मग...”

बादली काठोकाठ भरली. धार काढून आक्काताई उठल्या, तरी म्हैस कान टवकारून उभीच.